जुन्या गाडीचा सायलेन्सर : काय ठेवावे, काय टाकावे?

पुण्याहून पानशेतला जाणारा रस्ता तुमच्यापैकी पुष्कळांच्या ओळखीचा असेल. एका अंगाला खडकवासल्याचा जलाशय, दुसऱ्या अंगाला सिंहगडाचा डोंगर, आणि पुढे चढउतार व वळणे. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी याच रस्त्याने आम्ही पानशेतचे धरण पाहायला निघालो होतो. गाडी म्हणजे सासऱ्यांकडून माझ्याकडे आलेली १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी ही गाडी १९७४ पासून पद्मिनी या नावाने विकली जाई, तरी लोक तिला शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले. मागच्या बाकावर माझ्या दोन भाच्या बसल्या होत्या. पाऊस असल्यामुळे काचा बंद होत्या.

खानापूर मागे पडल्यावर चढावर गाडीच्या पुढच्या बाजूने फट्-फट् असा आवाज येऊ लागला. मी दुर्लक्ष केले. थोड्या वेळाने मोठी भाची म्हणाली, "मामा, डोकं दुखतंय." धाकटी एरवी क्षणभर गप्प न बसणारी, ती झोपून गेली होती. वळणांमुळे त्रास होत असेल, असे मला वाटले. पानशेतला पोचल्यावर धाकटीला हलवून उठवावे लागले, आणि उतरताना तिचा तोल गेला, तेव्हा मात्र मला घाम फुटला.

मोकळ्या हवेत बसल्यावर तासाभराने दोघींना तरतरी आली. मोठीचे डोके मात्र संध्याकाळपर्यंत ठणकत होते, आणि परतल्यावर दोघींना डॉक्टरांना दाखवले. दरम्यान तिथल्या एका मोटारसायकल दुरुस्त करणाऱ्या तरुणाने बॉनेट उघडून एका सांध्याकडे बोट दाखवले. इंजिनातून धूर बाहेर नेणारा ओतीव लोखंडाचा भाग, म्हणजे मॅनिफोल्ड, जिथे इंजिनाला जोडलेला असतो, तिथे काजळीचा पंख्यासारखा पसरलेला काळा डाग होता. "सर, पॅकिंग गेलंय. धूर इथूनच आत येतोय."

महिनाभरापूर्वी दुसऱ्या एका कामासाठी तो मॅनिफोल्ड उतरवला होता. परत बसवताना "जुनेच पॅकिंग टाका, दिसायला धड आहे" असे सांगणारा मीच होतो. पदार्थांचे गुणधर्म हा विषय मी बावीस वर्षे शिकवीत आहे!

मुलींना मी बसने परत पाठवले आणि गाडी सगळ्या काचा उघड्या टाकून, भिजत, हळूहळू पुण्याला आणली. त्यानंतर धुराचा सगळा मार्ग, म्हणजे मॅनिफोल्डपासून शेपटीच्या पाइपपर्यंत, उतरवून एकेक भाग तपासला. कोणता पुन्हा वापरायचा आणि कोणता नाही, हे ठरवताना जे भौतिकशास्त्र उपयोगी पडले, ते तुम्हाला सांगतो.

आधी या पाइपातून काय जाते ते पाहू. पेट्रोल पूर्णपणे जळाले तर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. पण जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनात ते पूर्णपणे जळत नाही. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. अशा इंजिनाच्या धुरात हा वायू शेकडा दोन-तीन भाग असणे मुळीच नवलाचे नाही. त्याला रंग नाही, वास नाही. त्याची घनता जवळजवळ हवेइतकीच असल्याने तो खाली बसत नाही की वर निघून जात नाही. धुराला जो वास येतो तो इतर घटकांचा. वास कमी आहे म्हणून हा वायूही कमी असेल, असे समजू नका.

आपल्या रक्तातले हीमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. पण कार्बन मोनॉक्साइडला ते प्राणवायूपेक्षा दोनशे ते अडीचशे पट अधिक आवडीने चिकटते. आपण २१० हा आकडा धरू. हवेत प्राणवायू शेकडा २१ भाग. २१ भागिले २१० म्हणजे ०.१. याचा अर्थ, हवेत केवळ हजारात एक भाग कार्बन मोनॉक्साइड असेल आणि माणूस त्या हवेत पुरेसा वेळ राहिला, तर त्याचे जवळजवळ निम्मे हीमोग्लोबिन कामातून जाईल. ती अवस्था प्राणघातक ठरू शकते. डोके दुखणे, गुंगी येणे ही तिची सुरुवातीची लक्षणे होत.

आता गाडीच्या आतल्या हवेचा हिशेब करा. छोट्या मोटारीत सुमारे ३,००० लिटर हवा मावते. हजारात एक भाग म्हणजे ३ लिटर कार्बन मोनॉक्साइड. धुरात तो शेकडा ३ भाग असेल तर त्यासाठी १०० लिटर धूर पुरे. पद्मिनीचे इंजिन १,०८९ घन सेंटिमीटरचे आहे. गाडी उभी असून इंजिन नुसते चालू असतानाही ते मिनिटाभरात एवढा धूर सहज बाहेर टाकते. त्याचा दहावा हिस्सा जरी आत येत राहिला तरी दहा मिनिटे लागतील. चालत्या गाडीत फटींतून थोडी हवा खेळते म्हणून एवढी वेळ सहसा येत नाही, पण काचा बंद आणि बाहेर पाऊस असला की भरवसा धरता येत नाही. पेडल आणि वायरी जिथून आत येतात तिथली रबरे जुन्या गाडीत कुजलेली असतात, आणि बॉनेटखालचा धूर तिथूनच आत शिरतो.

तर एका पातळशा पॅकिंगवर हे सारे अवलंबून होते. ते पॅकिंग दिसायला धड असूनही निकामी का झाले?

मॅनिफोल्डचा आणि इंजिनाच्या हेडचा पृष्ठभाग तुम्हाला सपाट दिसतो, पण सूक्ष्मदर्शकातून पाहिले तर तिथे डोंगरदऱ्या दिसतील. दोन कठीण पृष्ठभाग कितीही आवळले तरी डोंगर डोंगराला टेकतात आणि दऱ्या मोकळ्या राहतात. धूर या दऱ्यांतून निसटतो. म्हणून मध्ये मऊ पदार्थ घालतात. नट आवळले की तो दऱ्यांत शिरून बसतो. रबर दाबले आणि सोडले तर ते मूळ आकाराला येते. हा स्थितिस्थापक बदल. ओली माती दाबली तर दाबलेलीच राहते. हा कायमचा बदल. पॅकिंग पहिल्यांदा आवळताना त्यात मुख्यतः दुसऱ्या प्रकारचा बदल होतो, आणि तेच त्याचे काम असते. त्याच्या अंगी जेवढे दबणे होते तेवढे एकदाच खर्च होते. वरून उष्णतेने त्याचा बांध आणखी कडक होतो. उतरवून पुन्हा बसवताना ते केसभर जरी सरकले तरी जुन्या ठशातले डोंगर नव्या दऱ्यांसमोर येतात, आणि पुन्हा दबायला त्याच्यात काही उरलेले नसते. म्हणून ते फाटलेले नसेल, दिसायला छान असेल, तरी संपलेले असते.

शिवाय हा सांधा स्थिर नसतो. मॅनिफोल्डची लांबी ३५ सेंटिमीटर धरा. ओतीव लोखंडाचा प्रसरणांक दर अंशाला सुमारे ०.००००११. तापमान ५०० अंश सेल्सिअसने वाढले तर वाढ होते ३५० × ०.००००११ × ५००, म्हणजे सुमारे १.९ मिलिमीटर. हेड मात्र पाण्याने थंड राखलेले, शंभर अंशांच्या आसपासचे. ते इतके वाढत नाही. मॅनिफोल्डची भोके स्टडपेक्षा थोडी मोठी ठेवलेली असतात ती याचसाठी. प्रत्येक फेरीला मॅनिफोल्ड पॅकिंगवर घासत बाहेर सरकतो आणि थंड होताना परत येतो.

जुने पॅकिंग खरवडून काढण्याबद्दल एक इशारा येथेच देतो. त्या काळच्या पॅकिंगमध्ये सर्रास ॲस्बेस्टॉस वापरीत. त्याचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुप्फुसात गेले तर वर्षानुवर्षांनी गंभीर रोग होतात. म्हणून असे पॅकिंग कोरडे खरवडू नये, तारेच्या ब्रशने घासू नये, आणि धूळ तोंडाने फुंकून उडवणे तर अगदीच नको. ते पाण्याने भिजवून, जाणत्या माणसाने, तोंडावर योग्य मुखपट्टी लावूनच काढावे. विद्यार्थ्यांनी या कामापासून दूरच राहावे.

काही जुन्या इंजिनांत पॅकिंगच्या जागी निव्वळ तांब्याची कडी असते. ती मात्र पुन्हा वापरता येते, आणि का ते तुम्ही स्वतः पाहू शकता. वीतभर जाडसर तांब्याची तार घ्या. ती सहज वाकते. त्याच जागी सात-आठ वेळा वाकवा आणि सरळ करा. प्रत्येक वेळी जोर अधिक लागतो. धातूच्या आत अणूंच्या थरांची घसरण ज्या दोषांमुळे सोपी होते, ते दोष एकमेकांत अडकून बसतात आणि धातू ताठर होतो. आता प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली तार चिमट्यात धरून ज्योतीवर मंद लाल होईपर्यंत तापवा आणि पाण्यात बुडवा. पुन्हा वाकवून पाहा. ती पहिल्यासारखी मऊ झालेली असेल. उष्णतेने अणूंना नव्याने रचना करण्याची संधी मिळते. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत कारागीर तांब्याचे भांडे ठोकता ठोकता मध्येच भट्टीत घालतात, ते याचसाठी. येथे एक गंमत ध्यानात घ्या. लोहार विळा लाल करून पाण्यात बुडवतो तेव्हा पोलाद कठीण होते. त्याला आपण विळ्याला पाणी देणे म्हणतो. तांब्याला तेच पाणी दिले तर ते मऊच राहते. क्रिया एक, परिणाम उलटे.

आता नट आणि स्टड. माझ्या गाडीचे सहापैकी दोन नट गंजून स्टडला घट्ट धरून बसले होते. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा घेतो. आट्यांच्या फटीत तो तयार झाला की नट आतूनच आवळला जातो. अशा वेळी लांब पाना लावून जोर केला तर नट फिरण्याऐवजी स्टडच तुटतो, आणि तुटलेला तुकडा हेडमधून काढण्याचा खर्च नव्या नटाच्या कैक पटींनी होतो. जाणता मेकॅनिक पेट्रोलची नळी दूर करून नटावर ज्योत धरतो.

येथे मी वर्गात नेहमी एक प्रश्न विचारतो. नट तापला की त्याचे भोक लहान होईल की मोठे? निम्मा वर्ग म्हणतो, धातू सगळीकडे पसरतो, तेव्हा तो आतही पसरेल आणि भोक लहान होईल. उत्तर चूक आहे. भोकाच्या जागी त्याच धातूची चकती बसवली आहे अशी कल्पना करा. सारे सारखे तापवले तर चकतीही मोठी होईल आणि नेमकी त्या भोकात बसलेली राहील. म्हणजे भोक चकतीइतकेच मोठे झाले. ८ मिलिमीटरच्या भोकासाठी ३०० अंशांना ही वाढ जेमतेम ०.०३ मिलिमीटर भरते. ती केसाच्या जाडीपेक्षाही कमी आहे, पण ठिसूळ गंजाला तडा जायला पुरते.

मग इंजिन रोजच तापते, नट आपोआप का सुटत नाही? कारण तेव्हा नट आणि स्टड दोन्ही बरोबरच तापतात. ज्योतीने आपण नट आधी तापवतो आणि स्टड तुलनेने थंड असतो; सारी किमया या फरकाची आहे.

या सांध्यासाठी पितळेचे नट चांगले. पितळ गंजत नाही, आणि ते पोलादाहून मऊ असल्याने आटे झिजायचेच झाले तर स्वस्त नटाचे झिजतात, स्टड वाचतो. आटे शाबूत असलेला पितळी नट पुन्हा खुशाल वापरावा. माझे चार तसे निघाले. गंजलेले दोन्ही लोखंडी नट टाकले. स्टडच्या आट्यांवर नवा नट हाताने शेवटपर्यंत फिरवून पाहिला. मध्येच अडकला तर स्टड ताणला गेला आहे असे समजावे, तो बदलावा.

मॅनिफोल्ड जाड ओतीव लोखंडाचा, त्याचे आयुष्य मोठे. फक्त तडा गेला आहे का आणि तोंड वाकडे झाले आहे का, एवढे पाहायचे. पोलादी पट्टी तोंडावर उभी धरून पलीकडे दिवा ठेवला. पट्टीखालून प्रकाशाची रेघ दिसली नाही. तो ठेवला, आणि बरेच झाले. कारण पद्मिनीचे उत्पादन थांबून आता वीस वर्षांवर काळ लोटला आहे. मुंबईच्या टॅक्सींतूनही ती ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. असे भाग आता नाना पेठेतल्या दुकानांतून किंवा बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात धुंडाळावे लागतात, आणि तिथे मिळणारा भागही कोणाच्या तरी गाडीतून निघालेलाच असतो. तपासण्याचे काम काही चुकत नाही.

सायलेन्सरच्या डब्याची गोष्ट वेगळी. तो बाहेरून रंगवलेला, गुळगुळीत होता. माठ घेताना आपण टिचकी मारून पाहतो ना, तसे मी त्यावर हातोडीने हलकेच ठोकत गेलो. पुढच्या टोकाला खणखणीत आवाज आला. मागच्या टोकाला तळाशी बद्द आवाज आला, आणि पेचकस टेकवताच तो आत गेला.

तो आतून गंजला होता. पाणी बाहेरून गेले नव्हते. इंजिनानेच ते तयार केले होते. पेट्रोलऐवजी शुद्ध ऑक्टेन धरून हिशेब करा. ११४ ग्रॅम ऑक्टेन जळले की १६२ ग्रॅम पाणी तयार होते. एक लिटर पेट्रोल सुमारे ७४० ग्रॅम. म्हणजे १,०५० ग्रॅम पाणी. एक लिटर पेट्रोल जाळले की एक लिटरहून थोडे अधिक पाणी! पुण्याहून पानशेतला जाताना चार लिटर पेट्रोल लागले, तर एका बादलीच्या तळाशी चांगले दिसेल इतके पाणी या पाइपातून वाफेच्या रूपाने गेले. धातू सुमारे ५० अंशांपेक्षा थंड असेल तर ती वाफ त्यावर साकळते. सायलेन्सरचे मागचे टोक सर्वांत शेवटी तापते, म्हणून पाणी तिथेच साचते, आणि धुरातले वायू त्यात विरघळून ते किंचित आम्लधर्मी होते. लांबच्या प्रवासात डबा तापून कोरडा होतो. घर ते भाजीमंडई एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीचा सायलेन्सर लवकर कुजतो. माझी गाडी आठवड्यातून एकदा मंडईलाच जाते, हे येथे कबूल करतो.

अशा डब्याला वेल्डिंगचे ठिगळ लावून देतात. पण ठिगळ लावायला सभोवती जाड पत्रा हवा. तिथला पत्रा पापुद्र्याइतका पातळ झालेला असेल, तर वेल्डिंग त्यालाच भोक पाडते. माझा डबा भंगारात गेला.

त्या जागी दुसऱ्या गाडीचा जुना डबा मला एकाने स्वस्तात देऊ केला होता. तो का घेतला नाही ते थोडक्यात सांगतो. चार सिलिंडरच्या इंजिनातून दर फेऱ्याला धुराचे दोन धक्के बाहेर पडतात. मिनिटाला ३,००० फेरे म्हणजे सेकंदाला १०० धक्के. ३०० अंश तापमानाच्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ४८० मीटर असतो. तेव्हा तरंगलांबी झाली ४.८ मीटर. डब्यातल्या कप्प्यांची आणि नळ्यांची मापे अशा तरंगांना परतवून एकमेकांविरुद्ध खर्ची पाडण्यासाठी ठरवलेली असतात. दुसऱ्या इंजिनासाठी ठरवलेली मापे येथे लागू पडतीलच असे नाही. त्यातून तो डबा हलवल्यावर आत काहीतरी खुळखुळले. आतला पडदा सुटून नळीच्या तोंडावर आडवा आला, तर धुराला वाट मिळत नाही आणि गाडी चढावर दम टाकते. मी पद्मिनीच्या मापाचा नवा डबा बनवून घेतला.

पाइपाला खाली लटकवून धरणारी रबरे विचार न करता नवी घ्यावीत. तीन मीटर लांबीचा पोलादी पाइप सरासरी २५० अंशांनी तापला तर ९ मिलिमीटर वाढतो. ही वाढ रबराने सोसायची असते. उष्णतेने आणि हवेने कडक झालेले रबर ती सोसत नाही आणि सारा ताण जाऊन पडतो तो मॅनिफोल्डच्या सांध्यावर. पाइप दाबून धरणारे क्लॅम्पही नवेच घेतले. जुन्या क्लॅम्पने पाइपाला जिथे खाच पाडली होती, तेवढा तुकडा कापून टाकला, कारण खाच पडलेल्या नळीवर दुसरी नळी नीट गोल बसत नाही.

सगळे भाग आधी सैलसर लावले, पाइप कुठे टेकत नाही ना ते पाहिले, मग पुढून मागे एकेक सांधा आवळत गेलो. मॅनिफोल्डचे नट मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे, दोन-तीन खेपांत आवळले, म्हणजे नवे पॅकिंग सगळीकडे सारखे दबते. मग गाडी उघड्या अंगणात उभी करून, इंजिन थंड असतानाच सांध्यांना साबणाचे पाणी लावले. इंजिन चालू केल्यावर क्षणभर मेकॅनिकने शेपटीच्या पाइपाच्या तोंडाशी जाड ओले फडके धरले. कुठे धूर निसटत असेल तर तिथे बुडबुडे येतात. मॅनिफोल्डच्या सांध्यावर एकही आला नाही. डब्याच्या मागच्या क्लॅम्पपाशी दोन आले. तो अर्धा फेरा आणखी आवळला. बंद गॅरेजमध्ये ही परीक्षा कधीही करू नये, हे वरच्या हिशेबावरून तुमच्या ध्यानात आलेच असेल.

पाऊस संपल्यावर आम्ही पुन्हा पानशेतला गेलो. या खेपेस काचा उघड्या होत्या, डिकीचे झाकण नीट बंद होते, आणि आत शिरणाऱ्या वायरींभोवती नवी रबरे होती. धाकटी भाची खडकवासल्यापासून धरणापर्यंत अखंड बोलत होती. सकाळी निघताना शेपटीच्या पाइपातून टपटप पाणी गळत होते. "मामा, गाडी गळतेय," ती म्हणाली. ते पाणी कुठून आले ते तिला सांगेपर्यंत डोणजे आले.